आपत्कालीन वैद्यक : उपचार तातडीचे, संशोधन तुटपुंजे

अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश किंवा विषबाधा झालेल्या रुग्णावर पहिल्या काही तासांत करावयाच्या उपचारांचे शास्त्र म्हणजे आपत्कालीन वैद्यक. भारतात या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये दिला. त्यापूर्वी अपघात विभागात इतर विभागांचे डॉक्टर पाळीपाळीने काम पाहत. साहजिकच, या विभागाचे प्रश्न घेऊन संशोधन करणारा वर्ग फारसा तयार झाला नाही. उपचारांचे निकष बव्हंशी पाश्चात्त्य देशांतून आले. मात्र, कोकणातील विंचूदंश किंवा शेतातील कीटकनाशकाची विषबाधा यांची पुरेशी उत्तरे त्यांत नव्हती.

महाडचा धडा

लाल विंचवाच्या विषाचा परिणाम हृदयावर होतो आणि फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतो. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध गुणकारी ठरत असल्याचे त्यांनी १९८६ मध्ये 'द लॅन्सेट'मधून मांडले. प्राझोसिनपूर्वी २५ ते ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण नंतर सुमारे एक टक्क्यावर आले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे त्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

एका चाचणीने प्रश्न सुटतोच असे नाही. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णांना प्रॅलिडॉक्झिम अधिक मात्रेत सतत दिल्यास मृत्यू घटतात, असा निष्कर्ष बारामतीतील २०० रुग्णांच्या चाचणीतून २००६ मध्ये निघाला. श्रीलंकेतील २००९ च्या चाचणीत मात्र असा लाभ आढळला नाही.

उसन्या निकषांची जोखीम

केनिया, युगांडा व टांझानियात तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा मुलांना शिरेतून झपाट्याने द्रव द्यावा, हा सर्वमान्य उपचार होता. प्रत्यक्षात द्रव दिलेल्या गटांत ४८ तासांतील मृत्यू सुमारे साडेदहा टक्के, तर न दिलेल्या गटात ७.३ टक्के होते. स्थानिक चाचणी झाली नसती, तर ही हानी लक्षातही आली नसती.

अडथळे कोणते?

बेशुद्ध रुग्णाची संमती घेता येत नाही आणि घाबरलेल्या नातेवाइकांना चाचणी समजावण्यास वेळ नसतो. गर्दीमुळे केसपेपरवर दंशाची वा अपघाताची वेळही अनेकदा लिहिली जात नाही. रुग्ण घरी गेल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे कळत नाही. तथापि, भारतीय रुग्णालयांत क्षमता नाही, असे म्हणता येणार नाही. जखमींचा रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची ४० देशांत, २० हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले आणि त्यात भारतीय रुग्णालयांचा वाटा मोठा होता. मात्र, तिचे सूत्रसंचालन लंडनमधून झाले.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातील बहुतांश ग्रामीण भागातील होते. तेथील रुग्ण प्रथम पोहोचतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात. संशोधनाची सुरुवातही तेथील नोंदवहीपासून व्हावी लागेल; बिरवाडीत ती तशीच झाली होती.