प्रपंचांतील परमार्थ : शिऊरची बहिणाबाई

शिवछत्रपतींचा जन्म १६३० सालचा आणि राजाराम महाराजांचा अंत १७०० सालचा. या सत्तर वर्षांत महाराष्ट्रांत जें कांहीं घडलें, त्याची मोठीमोठीं प्रकरणें शाळेंतील मुलांनाही पाठ असतात. जवळजवळ याच काळांत, म्हणजे १६२८ पासून १७०० पर्यंत, एक ब्राह्मण स्त्री देवगांव, कोल्हापूर, देहू आणि शिऊर अशा गांवांतून संसार करून गेली, आणि जातांना आपल्या आयुष्याचा वृत्तांत अभंगांत सांगून गेली. गड, लढाया आणि तह हा त्या वृत्तांताचा विषय नव्हे. त्यांत आहेत तीं नवरा, आईबाप, दारची गाय, तिचें वासरूं, गरोदरपण, मुलें आणि या सर्वांच्या मध्यें वाढत गेलेली विठ्ठलाची ओढ. मराठी स्त्रीच्या आत्मकथनाचा इतका जुना आणि इतका सलग नमुना दुसरा सांपडणें कठीण. घरांतील धर्म कसा असतो, हें ज्याला इतिहास म्हणून पहावयाचें असेल, त्यानें शिऊरच्या बहिणाबाईपाशीं थांबलेंच पाहिजे.

आरंभींच एक खुलासा करणें इष्ट. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या ओव्या घरोघर गेल्यापासून बहिणाबाई म्हटलें कीं त्यांचेंच नांव डोळ्यांपुढें येतें. शिऊरची बहिणाबाई त्यांच्याहून अडीचशें वर्षांनीं वडील. तिचें नांव ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाही तें बहुधा एका अभंगापुरतेंच ठाऊक असतें. वारकरी संप्रदायाला देवालयाची उपमा देऊन पायापासून कळसापर्यंत कोणत्या संताचें कोणतें काम, हें सांगणारा तो अभंग तिच्या नांवावर आहे. कीर्तनकार तो गातात. परंतु त्या देवालयाच्या ओसरीवर उभी राहून हें सांगणारी बाई स्वतः कोण होती, हें विचारावयाचें राहून जातें.

आपल्या स्त्री-संतांची यादी मनांत आणून पहा. मुक्ताबाई अविवाहित, भावंडांच्या संगतींत वाढलेली. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिला स्वतःचा संसार नाहीं. कान्होपात्रा गणिकेची मुलगी, ती शेवटीं पांडुरंगाच्या पायांशीं जाऊन पडली. वेणाबाई बालविधवा, तिनें समर्थांच्या मठाचा आश्रय केला. दूरच्या राजस्थानांतील मीरेनें तर राजवाड्याचा उंबरठाच ओलांडला. चोखोबांच्या सोयराबाईचें उदाहरण वेगळें खरें; तिचा नवरा, तिचा मुलगा कर्ममेळा, सारें घरच भक्तीच्या वाटेवर होतें. बहिणाबाईचें तसें नव्हतें. तिला नवरा होता, तो प्रथम तिच्या भक्तीचा वैरी होता, आणि तिनें त्याचें घर सोडलें नाहीं. तिच्या आयुष्याचा सारा पेंच या तीन गोष्टींत सांठविलेला आहे.

वेरूळजवळच्या देवगांवीं आऊजी कुळकर्णी व जानकी या दांपत्याच्या पोटीं ती जन्मली. खेळण्याबागडण्याच्या वयांत तिचें लग्न शिऊरच्या गंगाधर पाठक नांवाच्या तीस वर्षांच्या बिजवराशीं झालें. हा गृहस्थ वेदविद्येचा अभिमानी आणि स्वभावानें तापट. पुढें भाऊबंदकीच्या भांडणांत व कर्जांत कुटुंब सांपडलें आणि सासरा-जांवई बायकामुलांसह गांव सोडून निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम करीत, भिक्षुकी करीत हें बिऱ्हाड कोल्हापुरास पोंचलें, तेव्हां बहिणा दहा-अकरा वर्षांची होती. बहिरंभट नांवाच्या ब्राह्मणानें त्यांना घरांत जागा दिली आणि पुढें एक सवत्स गाय दिली.

त्या गाईच्या वासराची कथा प्रसिद्ध आहे. वासरूं पोरीच्या मागें मागें फिरे. ती कीर्तनास जाई तेव्हां तेंही जाई. एकदां गर्दींतून लोकांनीं तें बाहेर हांकलें, तेव्हां जयराम गोसाव्यांनीं तें आंत आणविलें आणि त्या वासराचें व मुलीचेंही कौतुक केलें. गांवांत बोलबाला झाला. बायको चारचौघांच्या तोंडीं झालेली गंगाधरपंतांना सोसली नाहीं. त्यांनीं तिला बांधून मारलें. पुढें थोड्याच दिवसांत वासरूं मेलें, आणि त्या दुःखांत बेशुद्ध पडलेल्या मुलीला तुकारामांनीं स्वप्नांत येऊन उपदेश केला. एका वेदपाठी ब्राह्मणाच्या बायकोनें देहूच्या शूद्र वाण्याला गुरु मानावें, हें त्या काळीं लहानसहान प्रकरण नव्हतें. लोक घरीं येऊन तिच्या पायां पडूं लागले, हें पाहून नवऱ्याच्या रागाला धार चढली आणि त्यानें घर सोडून रानांत निघून जाण्याचा निश्चय केला. बहिणा त्या वेळीं गरोदर होती.

येथें तिच्या कथेंतील सर्वांत अवघड जागा येते. नवरा आपल्याला टाकून जाणार हें कळतांच ती मनाशीं हिशेब करते. देवळांतील दगडी मूर्ति आणि झोपेंत भेटलेला गुरु यांच्यापायीं डोळ्यांसमोरचा नवरा घालवावा काय? पोटांत मूल असतां उद्यां आपण कोणाच्या आधारानें रहावें? ती ठरविते कीं नवऱ्याची सेवा हाच आपला देव. पतिव्रतेच्या धर्मावर तिनें पुष्कळ अभंग लिहिले, त्यांचें मूळ या रात्रींत आहे.

या अभंगांचा अर्थ दोन तऱ्हांनीं लावण्याची रूढि आहे. जुन्या वळणाच्या मंडळींना त्यांत पातिव्रत्याचा विजय दिसतो. मार सोसूनही तिनें नवऱ्यालाच देव मानलें, म्हणून ती थोर. नव्या शिक्षणांत वाढलेल्या वाचकाला त्यांत गुलामगिरी दिसते. तो हळहळतो आणि पुस्तक मिटतो. माझ्या मतें हे दोन्ही वाचक निवेदनांतील एक साधी गोष्ट नजरेआड करतात. नवऱ्याला देव मानीन असें म्हणणाऱ्या या बाईनें नवऱ्याचा मार लपविलेला नाहीं. आपल्याला कसें बांधलें, कां मारलें, हें तिनें अभंगांत घालून पुढच्या पिढ्यांसाठीं ठेवलें. केवळ आज्ञाधारक स्त्रीनें तें झांकलें असतें. केवळ बंडखोर स्त्रीनें तेवढेंच सांगितलें असतें. ही दोन्ही सांगते. आणि पतिसेवेचा निश्चय करूनही तिनें तुकारामांना सोडल्याचें कोठेंही म्हटलेलें नाहीं. तिनें निष्ठेची वांटणी केली नाहीं, दोन्ही ओझीं एकाच डोक्यावर घेतलीं. त्या ओझ्याखालीं ती कण्हते, तेंही आपल्याला ऐकूं येतें. वेद आणि पुराणें स्त्रीला परमार्थाचा अधिकार नाहीं असें सांगतात, मग मला स्त्रीजन्माला घालून माझ्या मनांत ही ओढ कां घातली, हा तिचा प्रश्न देवालाच आहे आणि त्याची धार अजून बोथट झालेली नाहीं.

रानांत जाण्याच्या तयारींत असलेले गंगाधरपंत आजारी पडले. औषधोपचार चालेनात. बायको उशाशीं बसून शुश्रूषा करीत राहिली. त्या आजारांत त्यांना पश्चात्ताप झाला आणि ते उठले ते बदलून उठले. बहिणाबाई याला ईश्वरी कृपा म्हणते. इतिहासाच्या वाचकाला एवढें दिसतें कीं अंथरुणाला खिळलेल्या तापट पुरुषानें कित्येक दिवस आपल्या बायकोचे हात पाहिले. कांहीं असो, ज्या गुरूपायीं तिला मार बसला, त्याच गुरूच्या गांवाला सारें कुटुंब निघालें. नवऱ्यानेंही तुकारामांना मान तुकविली.

देहूस त्यांच्या वांट्याला सुख आलें तसा छळही आला. तुकारामांचे विरोधक मंबाजी गोसावी यांनीं या ब्राह्मण कुटुंबाला आपल्याकडे ओढूं पाहिलें. तें साधेना तेव्हां त्यांची गाय नेऊन बांधून ठेवली आणि तिला मारली. गाईवरचे वळ तुकारामांच्या पाठीवर उमटले, असें बहिणाबाई सांगते. वळांची गोष्ट श्रद्धेची म्हणून बाजूला ठेवली, तरी या भागाचें मोल कमी होत नाहीं. तुकारामांना प्रत्यक्ष पाहिलेल्या, त्यांचें कीर्तन कानांनीं ऐकलेल्या, त्यांच्या गांवांत बिऱ्हाड केलेल्या माणसाची ही साक्ष आहे. चरित्रकारांना तुकोबा पुढें परंपरेंतून भेटले; हिला ते शेजारीं भेटले. आणि साक्ष देतांना तिला प्रथम आठवली ती गाय, कारण गाईच्या दुधावर घर चाललेलें होतें.

देहूस तिला मुलगी झाली, काशीबाई. पुढें मुलगा झाला. त्याचें नांव विठोबा ठेवलें. कालांतरानें हें कुटुंब शिऊरास गेलें आणि बहिणाबाईचा उरलेला काळ तेथें गेला. बाहेर मोंगलांच्या स्वाऱ्या चालू होत्या. शिऊर तर औरंगाबादेच्या जवळच. या घरांत मात्र देवपूजा, स्वयंपाक, नामस्मरण आणि मुलांचें संगोपन चालू राहिलें. ब्राह्मण कोणाला म्हणावें, या प्रश्नावर तिनें रचलेले अभंग मला या संदर्भांत फार महत्त्वाचे वाटतात. ‘वज्रसूची’ या प्राचीन संस्कृत प्रकरणाचा आशय तिनें मराठींत आणला. जन्म, देह, वर्ण, विद्या, कर्म यांपैकीं एकानेंही ब्राह्मणत्व ठरत नाहीं. ब्रह्म जाणतो तो ब्राह्मण, असा त्याचा निष्कर्ष. हा विचार सभेंत वाद जिंकण्यासाठीं लिहिलेला नव्हता. शूद्र गुरु आणि वेदाभिमानी पति यांच्यामध्यें जिचें आयुष्य ताणलें गेलें, तिनें आपल्या स्वयंपाकघरापुरता काढलेला तो निवाडा होता.

१७०० सालीं आपला अंतकाळ जवळ आला हें ओळखून तिनें मुलाला जवळ बोलाविलें. मुलानें विचारलें आणि आईनें सांगितलें, असा तो प्रसंग आहे. आपले मागील बारा जन्म तिनें त्याला उलगडून दाखविले, हा तेरावा. त्या जन्मांत तो कोणत्या ना कोणत्या नात्यानें तिच्या संगतीस होता असें ती सांगते. कोल्हापूरचें तें वासरूं म्हणजेच हा मुलगा, अशीही तिची भावना होती. पूर्वजन्मांवर ज्याचा विश्वास नसेल, त्यानेंही या कल्पनेपाशीं क्षणभर थांबावें. आपल्याकडील शास्त्रग्रंथांनीं पुत्रमोहाला परमार्थांतील बेडी म्हटलें. या आईनें त्याच बेडीला सोबत म्हटलें. लेंकरूं कडेवर असतांनाही वाट चालतां येते, किंबहुना तें पहिल्या जन्मापासून आपल्याबरोबर चालतच आहे, असा अर्थ तिनें लावला. गृहिणीच्या भक्तीचें याहून मोठें समर्थन मला ठाऊक नाहीं.

तिची गाथा छापून निघाली ती १९१४ सालीं, धोंडो विनायक उमरखाने यांच्या परिश्रमानें. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर दोनशें चौदा वर्षांनीं. १९२९ सालीं जस्टिन ॲबट या अमेरिकन विद्वानानें तिचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. तोंवर तो ठेवा पोथ्यांत आणि भाविकांच्या मुखीं राहिला. असे किती ठेवे राहिले नसतील!

या संबंधांत मराठी वाङ्मयांतील एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. बहिणाबाईच्या पूर्वजन्मांची कथा मुलाच्या प्रश्नांतून निघाली. लक्ष्मीबाई टिळकांना शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतें. रेव्हरंड टिळकांच्या आठवणी लिहून काढ, असा मुलगा देवदत्त यानें आग्रह धरला, आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रें’ झालीं. १९३४ पासून तीं पुस्तकरूपानें निघूं लागलीं. धर्म बदललेल्या नवऱ्याच्या मागोमाग जातां जातां एका आईच्या श्रद्धेचें काय काय झालें, याचें तसें प्रांजळ चित्र विरळा. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती; जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव व एक आप्त यांनीं कागदावर उतरून घेतल्या आणि १९५२ सालीं, त्या गेल्यानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नानें त्या लोकांपुढें आल्या. तीन शतकें, तीन आया, तीन मुलगे. प्रतिभा आयांचीच होती. परंतु ती आपल्यापर्यंत पोंचली ती ऐकणारा कोणी घरांतच होता म्हणून.

ज्यांना असा ऐकणारा मिळाला नाहीं, त्यांची गणती कोणी करावी? साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ या संग्रहांत बायकांच्या ओव्या वेंचल्या. पुढें गी पॉयतवँ व हेमा राईरकर यांच्या खटपटीनें खेडोपाडींच्या लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या. पहांटे दळतांना विठोबाला भाऊ, रुक्मिणीला भावजय आणि पंढरीला माहेर म्हणणाऱ्या त्या बायकांचें नांव बहुतेक ठिकाणीं ओवीबरोबर उरलेलें नाहीं. आतां जातें गेलें, आणि त्याबरोबर दळतांना बोलण्याची ती वेळही गेली. तथापि घरांतील देव्हारा कोणी पुसावा, तुळशीपुढें दिवा कोणी लावावा, मूल तापानें फणफणलें असतां नवस कोणी बोलावा, हीं कामें अद्याप बहुतेक घरांतून आईकडेच आहेत. तिची श्रद्धा आपल्याला पटते कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा. ती काय मानते आणि तें मानण्याची तिनें कोणती किंमत दिली, हें आपण तिला विचारलेलें नसतें. शिऊरच्या विठोबानें तें आईच्या शेवटच्या दिवसांत विचारलें, एवढ्यासाठीं त्याचें नांव लक्षांत ठेवावें.