हिगिन्सन, टॉमस वेंटवर्थ

(२२ डिसेंबर १८२३–९ मे १९११). अमेरिकन धर्मोपदेशक, लेखक आणि यादवी युद्धातील (१८६१–६५) स्वयंसेवक सेनाधिकारी. जन्म मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज येथे. तेराव्या वर्षी हार्व्हर्डमध्ये दाखल. १८४१ मध्ये पदवीधर. गुलामगिरीविरुद्धच्या प्रवचनांमुळे न्यूबरीपोर्टच्या चर्चमधील पद गेले. गुलामगिरीतून पळून आलेल्या अँथनी बर्न्सला सोडविण्यासाठी १८५४ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयाचा दरवाजा फोडणाऱ्यांत तो पुढे होता. प्रयत्न फसला, एक पहारेकरी ठार झाला. हिगिन्सनच्या हनुवटीवर वार झाला. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनच्या सहा गुप्त पाठीराख्यांपैकी तो एक. ब्राउनचा हार्पर्स फेरीचा उठाव (१८५९) मोडल्यावर त्यांतले काही जण कॅनडात निघून गेले, हा जागचा हलला नाही.

१८६२ मध्ये तो मॅसॅचूसेट्सच्या ५१ व्या पलटणीत कॅप्टन होता. नोव्हेंबरमध्ये जनरल रूफस सॅक्स्टनने त्याला ‘फर्स्ट साउथ कॅरोलायना व्हॉलंटिअर्स’चे कर्नलपद देऊ केले. ही कृष्णवर्णीयांची पलटण. जवान बहुतेक कालपरवापर्यंत गुलाम असलेले. अशा पलटणींत पहिली कोणती, याबाबत कॅन्सस व लुइझियाना येथील पथकांचाही दावा सांगितला जातो.

१ जानेवारी १८६३ रोजी ब्यूफर्टजवळच्या छावणीत, ओकच्या राईत गुलामांच्या मुक्तीची घोषणा वाचली गेली. हिगिन्सनच्या हाती निशाण येताच एका वृद्ध कृष्णवर्णीयाने कातरत्या आवाजात देशगीत सुरू केले, दोन स्त्रियांनी सूर मिळवला. व्यासपीठावरचे गोरेही गाऊ लागले, तेव्हा हिगिन्सनने त्यांना थांबवले. त्याच्या साऱ्या लष्करी आयुष्यातील ही सर्वांत सुज्ञ आज्ञा म्हणावी लागेल.

सेंट मेरीज नदीवरील मोहीम, जॅक्सनव्हिलचा ताबा (मार्च १८६३), एडिस्टो नदीवरील मोहिमेत जखमी (जुलै). १८६४ मध्ये प्रकृतीमुळे सेवानिवृत्त.

वेतनाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. या जवानांनाही तेवढ्याचेच वचन होते. प्रत्यक्षात १० डॉलर ठरवून त्यांतूनही कपड्यांचे ३ कापले गेले. १८६४ च्या कायद्याने जुनी थकबाकी दिली ती १९ एप्रिल १८६१ पूर्वी स्वतंत्र असलेल्यांनाच, म्हणजे या पलटणीला जवळजवळ नाहीच. सरकारने दिलेला शब्द मोडला, हे हिगिन्सन वृत्तपत्रांना पत्रे लिहून सांगत राहिला. अन्याय दूर झाला तो १८६५ मध्ये.

रात्री शेकोटीभोवती जवान गात, तेव्हा तो अंधारात, हात खिशातच ठेवून, शब्द टिपून घेई आणि मग तंबूत नीट उतरवी. ही भक्तिगीते त्याने १८६७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त छापली, पुढे ती ‘आर्मी लाइफ इन अ ब्लॅक रेजिमेंट’ (१८७०) या ग्रंथात आली. जवानांबद्दल लिहिताना त्याचा सूर अनेकदा वडीलधाऱ्याचा होतो. तरी नोंदी अस्सल आहेत.

कवयित्री एमिली डिकिन्सनने एप्रिल १८६२ मध्ये त्याला कविता पाठवल्या. पत्रव्यवहार तिच्या मृत्यूपर्यंत चालला. मेबल लूमिस टॉडसह त्याने तिचा पहिला संग्रह (१८९०) संपादित केला, पण विरामचिन्हे बदलली, शीर्षके घातली.

स्त्री-मताधिकाराचा पुरस्कर्ता.

हिगिन्सनच्या पलटणीत धोबीण म्हणून नोंदलेल्या आणि शिपायांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या सूझी किंग टेलरच्या आठवणी १९०२ मध्ये निघाल्या. प्रास्ताविक हिगिन्सनचे आहे. त्याच्या ग्रंथाच्या वाचकाने त्याही अवश्य वाचाव्यात.