कालबाह्य

वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात मी जे काम करतो, ते थोडक्यात सांगायचं तर जुने व्हिडिओ पुसायचं. कुठला व्हिडिओ सर्व्हरवर किती दिवस राहील, हे ठरवणारा कोड मी लिहितो. ९० दिवस कुणी उघडला नाही, की तो कालबाह्य. त्याबद्दल मला कधी काही वाटलं नव्हतं.

मग हाच मुद्दा मला सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात भेटला. तारीख २२ जुलै १९९२. तिथे कालबाह्य ठरवला होता एक माहितीपट, आणि ठरवणारं होतं दूरदर्शन.

माहितीपट भोपाळचा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. त्यावर तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी 'भोपाळ : बियॉन्ड जेनोसाइड' केला. सुहासिनी मुळे म्हणजे 'लगान'मधली भुवनची आई. आपल्यातल्या बहुतेकांना त्या अभिनेत्री म्हणूनच माहीत आहेत. त्यांनी इतके माहितीपट केलेत हे मलाही माहीत नव्हतं.

आज व्हिडिओ केला की अपलोड करायचा, विषय संपला. तेव्हा शूटिंग आणि एडिटिंग हे अर्धंच काम असायचं. पुढे सेन्सॉरचं प्रमाणपत्र, आणि त्यानंतर देशातलं एकमेव टीव्ही प्रक्षेपण, म्हणजे दूरदर्शन. या फिल्मला 'यू' प्रमाणपत्र मिळालं. सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. पुरस्कार मिळालेले लघुपट दूरदर्शनवर दाखवू, असं केंद्रीय मंत्र्यांनी जाहीरही केलं होतं.

तरी दूरदर्शननं नकार दिला. कारणं अनेक होती : फिल्म संतुलित नाही, संयम नाही, भरपाईचे दावे कोर्टात आहेत, वातावरण आधीच तापलेलं आहे. आणि त्यातलं एक कारण असं, की विषय आता जुना झालाय. दुर्घटनेला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती.

निर्मात्या सिनेमार्ट फाउंडेशननं दिल्ली हायकोर्टात धाव घेतली आणि जिंकली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. इथे गोष्टीत महाराष्ट्र येतो, आणि तोही वाकड्या वाटेनं.

त्याआधी दूरदर्शनवर 'होनी अनहोनी' ही मालिका लागायची. ती अंधश्रद्धा पसरवते म्हणून आपल्याकडच्या लोकविज्ञान संघटनेनं मुंबई हायकोर्टात दाद मागितली आणि अंतरिम मनाई मिळवली. १९८८ साली सुप्रीम कोर्टानं ती मनाई उठवली. दूरदर्शनवर फिल्म दाखवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि राज्यघटनेत दिलेल्या कारणांशिवाय त्याला आडकाठी करता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. विज्ञानवादी हरले, हे वाचून मी वैतागलो होतो. पण चार वर्षांनी भोपाळच्या फिल्मच्या बाजूनं कोर्टानं आधार घेतला तो याच निकालाचा. भुताखेतांच्या मालिकेसाठी उघडलेल्या दारातून वायुपीडितांची फिल्म आत आली.

न्या. अहमदी आणि न्या. पुंछी यांनी सरकारचं अपील फेटाळलं. फिल्म सरकारवर टीका करते, एवढ्यावरून ती नाकारता येणार नाही. काय घडलं, पुढे काय होणार, सरकार काय करतंय, हे जाणून घ्यायची लोकांना इच्छा आहे. मग ती जुनी कशी?

भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे विषय जुना झाला असं सांगितलं गेलं, त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी.

हे मला इतकं लागलं, कारण मी डोंबिवलीचा. राज्यातल्या एमआयडीसीची सुरुवात १ ऑगस्ट १९६२ ला झाली ती इथे वागळे इस्टेटमध्ये. आज माझ्या ऑफिसच्या आसपास कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मात्र रसायनं अजून आहेत. २६ मे २०१६ ला तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा माझी बारावी नुकतीच संपली होती. आमच्या खिडकीच्या काचा आईच्या पोळपाटावर येऊन पडल्या. मी गच्चीवर जाऊन धुराचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला. आठवडाभर सगळ्यांकडे असेच व्हिडिओ फिरत होते. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट झाला, तेव्हा मी तो जुना व्हिडिओ शोधला. फोन दोनदा बदलला होता. व्हिडिओ गेला होता, आणि ग्रुपमध्ये कुणाकडेच उरला नव्हता.

आम्हाला कुणी नकार दिला नव्हता. सेन्सॉर नव्हतं, कोर्ट नव्हतं. आम्हीच तो जुना होऊ दिला. बोस आणि मुळे यांच्याकडे निदान भांडायला समोर कुणीतरी होतं.

२०२४ चे माझ्याकडचे सात व्हिडिओ मी आता वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलेत. प्रत्येकाच्या नावात तारीख, वेळ आणि कुठल्या गच्चीवरून काढला ते लिहिलंय. तो माहितीपट नव्हे, हे मला कळतं. पण उद्या कुणी करायला घेतला, तर त्याला लागणारा कच्चा माल तरी शिल्लक असेल. तुमच्याकडे २०१६ चा एखादा असेल, तर आज रात्री शोधा.