किडोची गोष्ट

लेक टोरांटोला निघाली आहे, आमच्या मनीला घेऊन. "बाबा, विमानात तिला गुंगीचं औषध द्यावं का?" तिनं विचारलं, आणि मला किडो आठवला.

१५ ऑक्टोबर १९१० रोजी वॉल्टर वेलमन यांची 'अमेरिका' ही एअरशिप अटलांटिक महासागर ओलांडायला निघाली. सहा माणसं आणि किडो नावाचं मांजर. जमीन सुटताच ते बिथरलं, ओरडत सैरावैरा पळू लागलं. इंजिनिअर व्हॅनिमन इतके वैतागले, की 'हे मांजर घेऊन जा' असा बिनतारी संदेशच त्यांनी धाडला! पिशवीत घालून खाली बोटीत सोडायचा प्रयत्न झाला, पण समुद्र खवळलेला. परत वर ओढावं लागलं. मग मात्र ते हळूहळू रुळलं. इंजिनं बंद पडून एअरशिप भरकटली, तेव्हा 'ट्रेंट' जहाजानं सगळ्यांना वाचवलं, किडोसकट.

मंडळी, किडोला तारलं ते सवयीनं. आजचे पशुवैद्यही सहसा गुंगीचं औषध नको म्हणतात. उंचावर श्वास, रक्तदाब बिघडू शकतो. त्यापेक्षा उभं राहता, वळता येईल असा पिंजरा महिनाभर आधीच घरात ठेवावा.

मनी आता त्यातच झोपते. तिच्याविना घरात राहायची सवय मला कोण लावणार?