अपघातानंतरची चाचणी : संशयावर की घटनेवर?

अपघाताच्या कागदपत्रांत एक ठरलेले वाक्य असते : "चालकाच्या तोंडास दारूचा वास येतो" किंवा "येत नाही". जिल्ह्यात काम करीत असताना असे कागद माझ्या टेबलावरून पुष्कळ गेले. वास येत नसेल तर नशेचा विषय तिथेच संपतो. पण अफूला किंवा झोप उडवणाऱ्या गोळ्यांना असा वास नसतो. मग गंभीर अपघातानंतर चालकाची अमली पदार्थांसाठी सक्तीने तपासणी व्हावी का, आणि ती कोणी, केव्हा करावी? या प्रश्नाचे सर्वात सुस्पष्ट उत्तर अमेरिकेत तयार झाले. त्याचा इतिहास आपल्या प्रशासनालाही उपयोगी आहे.

४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेस या गावाजवळ, वॉशिंग्टनहून बोस्टनकडे निघालेली प्रवासी गाडी मालवाहतूक कंपनीच्या तीन जोडलेल्या इंजिनांवर आदळली. १६ जण मृत्युमुखी पडले. थांबण्याचा सिग्नल ओलांडून ती इंजिने प्रवासी गाडीच्या मार्गात आली होती. इशारा देणाऱ्या शिट्टीचा आवाज चिकटपट्टी लावून दाबलेला आढळला. इंजिनावरील दोघाही कर्मचाऱ्यांच्या चाचणीत गांजाचा अंश सापडला. हे कळू शकले, कारण मोठ्या रेल्वे अपघातानंतर संबंधित कर्मचाऱ्यांचे रक्त व लघवी तपासलीच पाहिजे, असा नियम तेथील रेल्वे प्रशासनाने १९८५ मध्येच केला होता.

त्या नियमाला कामगार संघटनांनी न्यायालयात आव्हान दिले. कोणावरही वैयक्तिक संशय नसताना शरीरातून रक्त काढणे ही घटनाबाह्य झडती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अपील न्यायालयाने ते मान्य केले. मात्र २१ मार्च १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी नियम वैध ठरवला. बहुमताचा युक्तिवाद सरळ होता. ज्यांच्या क्षणभराच्या चुकीने अनेकांचे प्राण जातात, त्यांच्याबाबतीत संशयाची वाट पाहणे परवडत नाही. शिवाय रक्तातील अंश दर तासाला कमी होत जातो, आणि अपघाताच्या गोंधळात कोणावर संशय घ्यावा हे ठरवण्यातच पुरावा नाहीसा होतो. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी असहमती नोंदवून, संकटाच्या काळात नागरिकांचे हक्क सहज बळी पडतात, याची आठवण करून दिली. त्यांची चिंता आजही दुर्लक्षण्याजोगी नाही.

पुढे २८ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला अपघात होऊन ५ प्रवासी मरण पावले. दारू प्यायलेला चालक घटनास्थळावरून निघून गेला आणि काही तासांनी सापडला. दोनच महिन्यांत अमेरिकी संसदेचा कायदा झाला, आणि चाचणीची सक्ती मालमोटारी व बस चालवणाऱ्या व्यावसायिक चालकांनाही लागू झाली.

त्या कायद्याखालील नियम प्रशासकाने वाचावेत असे आहेत. अपघातात मृत्यू झाला असेल, तर वाहन चालवीत असलेल्या व्यावसायिक चालकाची चाचणी झालीच पाहिजे. चूक कोणाची, हा प्रश्न तेव्हा विचारायचा नाही. दारूची चाचणी दोन तासांत करायची. न झाल्यास कारण लेखी नोंदवायचे आणि आठ तासांनंतर प्रयत्न थांबवायचा. अमली पदार्थांसाठी मर्यादा ३२ तासांची आहे. मुख्य म्हणजे ही जबाबदारी पोलीस शिपायावर नसून चालकाच्या मालकावर आहे. अंश सापडलेल्या चालकाला वाहन चालवण्यापासून तत्काळ दूर केले जाते, आणि व्यसनविषयक तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय तो कामावर परतू शकत नाही.

आता आपल्याकडे वळू. रक्ताचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे आपल्याकडे मान्य झालेले आहे. त्याचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये, बोटांच्या ठशांसारख्या शारीरिक पुराव्याबाबत निर्णय देताना घातला. तोंडाचा वास आणि अडखळती चाल एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही, रक्त किंवा लघवीची तपासणी हवी, असेही त्या न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले. म्हणजे तत्त्वाची अडचण आपल्याकडे नाही. अडचण यंत्रणेची आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता, हे सिद्ध करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने 'अमली पदार्थ' या शब्दाची व्याख्या व्यापक केली, हे चांगलेच झाले. पण कलम २०३ पाहा. अपघातानंतर पोलिसाला वाजवी संशय आला, तर तो श्वासाचा नमुना मागू 'शकतो'. कलम २०४ खाली रक्त केव्हा मागायचे? श्वासात दारू आढळली तर, किंवा चालकाने श्वासचाचणी टाळली तर. म्हणजे ज्याने केवळ अफू खाल्ली आहे, तो श्वासयंत्रात निमूटपणे फुंकर मारून या दारातून बाहेर पडू शकतो. आरोपीच्या वैद्यकीय तपासणीचा सामान्य मार्ग, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ५३ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१, उपलब्ध आहे. पण तोही अटकेवर आणि अधिकाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून आहे.

जिथे अधिकार ऐच्छिक असतो, तिथे दबावाला जागा मिळते. मे २०२४ मध्ये पुण्यातील अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर अल्पवयीन चालकाचा रक्तनमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी पहिल्याचा डीएनए जुळला नाही, म्हणून हे उघडकीस आले. नमुना कोणी घेतला, कोणासमोर सीलबंद झाला, कोणाच्या हाती गेला, ही साखळी कायद्याइतकीच महत्त्वाची आहे.

सक्तीच्या चाचणीने गरीब चालकच भरडला जाईल, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पंजाब, राजस्थान, माळवा या भागांतील महामार्गांवर अफूच्या बोंडांचा भुसा खाऊन रात्र काढणारे मालमोटारचालक असतात, हे कोणत्याही ढाब्यावर कळते. तो चैनीसाठी खात नाही, गाडी वेळेवर पोहोचवायची असते म्हणून खातो. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने कामाचे तास दिवसाला ८ व आठवड्याला ४८ ठरवून दिलेले होते. शिवाय गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो. तेवढ्यावरून अपघाताच्या क्षणी नशा होती असे म्हणता येत नाही. म्हणून चाचणीचा निष्कर्ष हा पुराव्याचा एक भाग मानावा, निकाल मानू नये. आणि अंश सापडला, तर चालकाबरोबर मालकाच्या कामाच्या तासांची नोंदवहीही तपासावी.

पण चाचणी चालकाच्या बाजूचीही असते, हे विसरू नये. अपघातानंतर जमावाच्या मारहाणीला घाबरून चालक पळतो, आणि पळाला म्हणून तो प्यायलेलाच होता असे सारे धरून चालतात. मृत्यू झालेल्या प्रत्येक अपघातात तपासणी अनिवार्य असेल, तर शुद्धीत असलेल्या चालकाला त्याच दिवशी निर्दोषत्वाचा कागद मिळेल. संशयावर आधारलेली चाचणी माणसामाणसांत फरक करते. घटनेवर आधारलेली चाचणी आलिशान मोटारीच्या चालकाला आणि मालमोटारीच्या चालकाला एकाच रांगेत उभी करते.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज आहे असे मला वाटत नाही. कलम २०३ मधील 'शकतो' च्या जागी, मृत्यू झालेल्या अपघातापुरते तरी, 'करील' असे व्हावे. कलम २०४ मध्ये अमली पदार्थांसाठी रक्तनमुन्याची वाट खुली व्हावी. आणि उशीर झाल्यास कारण लिहिणे बंधनकारक असावे. वासाच्या त्या ठरलेल्या वाक्याच्या जागी मग दोन नोंदी येतील : अपघात किती वाजता झाला, आणि नमुना किती वाजता घेतला.