नागपुरातले दुसरे ऐक्य : सहा चर्च एक झाले, जात तशीच राहिली

नागपूर म्हटले की आपल्याला १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. त्याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, हे आपल्या चळवळीत फारसे कुणी सांगत नाही. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि सहावे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. हे सहावे चर्चही १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या एकीकरणातूनच झाले होते. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यातल्याच, आणि त्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग.

बोलणी १९२९ पासून चालू होती. चाळीस वर्षे भांडण कशावर? बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की जाणत्या माणसाला. अखेर बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. बिशप राहिला, पण घटनेने बांधलेला. तरीही अमेरिकी परंपरेचे मोठे मेथडिस्ट चर्च ऐनवेळी बाहेर पडले. (रिपब्लिकन ऐक्याचे प्रयोग पाहिलेल्यांना याचे नवल वाटू नये.)

मुळात ही भांडणे नगरच्या महाराची नव्हतीच. मिशनांनी आपसांत इलाखे वाटून घेतले होते. गावात जे मिशन आले, त्याच्या पंथाचा तो झाला. त्याचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता आणि तो बाबासाहेबांनी 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या निबंधात थेट विचारला होता : ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला स्पृश्याचा दर्जा मिळाला का? धर्मांतरितांनी जात टाकली का? परदेशातून आलेल्या भिंती पाडायला चाळीस वर्षे दिली गेली. गावातली भिंत मात्र वाटाघाटींचा मुख्य विषय कधी झाली नाही.

सरकारनेही वेगळे काही केले नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आजही बाहेर. वाटेकरी वाढतील म्हणून आपल्यातलेच काही जण त्यांच्या मागणीला विरोध करतात. दीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या यादीबाहेर आपणच उभे होतो.