जुन्या सूझाफोनचे संकलन व जीर्णोद्धार : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

शिलालेख, नाणी व दप्तरे यांप्रमाणेच नित्य वापरातील वस्तू हेही इतिहासाचे साधन होय. परंतु अशा वस्तूंच्या बाबतीत अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. वस्तू वापरात ठेवावयाची तर तिची दुरुस्ती करणे भाग पडते आणि दुरुस्तीच्या ओघात तिच्यावरील काळाच्या खुणा पुसल्या जातात. वास्तूंच्या जीर्णोद्धारासंदर्भात या प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली आहे. वाद्यांच्या संदर्भात ती तुलनेने कमी आढळते. अमेरिकन बँडपथकांतील सूझाफोन या वाद्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सूझाफोन हे मंद्र स्वरांचे पितळी वाद्य आहे. त्याची नळी वादकाच्या शरीराभोवती वेटोळे घालून डाव्या खांद्यावर टेकते आणि रुंद भोंगा मस्तकाच्या वर येतो. नेहमीच्या प्रकारातील मुख्य नळी सरळ केल्यास ती सुमारे १८ फूट लांब भरते.

उत्पत्ती व कालनिश्चितीचा वाद

या वाद्याचा पूर्वज म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात प्रचारात आलेला हेलिकॉन. चालताना वा घोड्यावर बसून वाजविता यावा म्हणून तो खांद्यावर घेण्याजोगा वर्तुळाकार केलेला होता. १८८० ते १८९२ या काळात अमेरिकेच्या मरीन बँडचे नेतृत्व करणारे जॉन फिलिप सूझा (१८५४-१९३२) यांना हेलिकॉनचा स्वर एका बाजूला तीव्रपणे फेकला जातो असे वाटे. भोंगा मोठा व ऊर्ध्वमुख असावा, म्हणजे मंद्र स्वर संपूर्ण वाद्यवृंदावर पसरेल, ही त्यांची कल्पना होती. फिलाडेल्फिया येथील जे. डब्ल्यू. पेपर यांनी या कल्पनेनुसार वाद्य घडविले व त्यास सूझा यांचे नाव दिले. म्हणजेच आज मिरवणुकीचे मानले जाणारे हे वाद्य मुळात सभागृहातील वादन डोळ्यांपुढे ठेवून निर्माण झाले होते. सूझा यांचे स्वतःचे पथक क्वचितच संचलन करीत असे.

पहिल्या सूझाफोनचे वर्ष दीर्घकाळ १८९३ असे सांगितले जात होते. दुसरीकडे इंडियाना राज्यातील एल्खार्ट येथील सी. जी. कॉन यांच्या कंपनीने १८९८ मध्ये केलेल्या आपल्या वाद्यास पहिलेपणाचा मान असल्याचा दावा केला. पेपर यांनी घडविलेले मूळ वाद्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा प्रकाशात आले. प्रत्यक्ष वाद्य व तत्कालीन मुद्रित उल्लेख यांच्या एकत्रित अभ्यासातून आता १८९५ हे वर्ष अधिक ग्राह्य मानले जाते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उत्तरकालीन आठवणी व जाहिराती यांनी जो गोंधळ निर्माण केला, तो निस्तरण्यास खुद्द वस्तूची साक्ष उपयोगी पडली. ते वाद्य मधल्या काळात भंगारात वितळले असते, तर ही साक्ष कायमची नष्ट झाली असती.

संकलन : वाद्य हाच दस्तऐवज

१९०८ च्या सुमारास कॉन कंपनीने समोर तोंड असलेला भोंगा प्रचारात आणला व पुढे तोच प्रकार रूढ झाला. ऊर्ध्वमुख वाद्यास पावसाचे पाणी झेलणारे असे थट्टेचे नाव मिळाले. १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा भरली. त्या सुमारास वाढीस लागलेल्या शालेय बँड चळवळीमुळे वाद्यांना मोठी मागणी आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, धातूच्या वाद्यांच्या निर्मितीवर सरकारी निर्बंध आले आणि हाती असलेली वाद्ये दुरुस्त करून वापरणे अपरिहार्य झाले. १९६० च्या दशकात वजनाने हलके फायबरग्लासचे सूझाफोन आल्यावर अनेक पितळी वाद्ये शाळांच्या कोठारांत पडून राहिली. संग्राहकांच्या हाती येणाऱ्या वाद्यांवर या साऱ्या स्थित्यंतरांच्या खुणा असतात.

या खुणांचे वाचन मात्र सावधपणे करावे लागते. सूझाफोनचा भोंगा स्क्रूने बसविलेला असून तो काढता येतो. निर्मात्याचे नाव व कोरीव नक्षी बहुधा भोंग्यावर असते, तर अनुक्रमांक सामान्यतः व्हॉल्व्हच्या नळकांड्यावर असतो. त्यामुळे एका वाद्याचा भोंगा व दुसऱ्याचे अंग असा संयोग सहज घडतो. केवळ भोंग्यावरील नावावरून केलेली कालनिश्चिती फसवी ठरू शकते. तसेच जुनी वाद्ये पुष्कळदा उच्च स्वरपट्टीची असत. त्या पट्टीत 'ए' स्वराची कंपने सेकंदाला सुमारे ४५७ पर्यंत असत. पुढे ४४० ही पट्टी रूढ होत गेली व १९३९ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने तिची शिफारस केली. नव्या पट्टीशी जुळवून घेण्यासाठी जुन्या वाद्यांची नळी लांबविली जात असे. नळीस नंतर जोडलेला असा तुकडा संग्राहकास दोष वाटतो. इतिहासकारास मात्र तो स्वरपट्टीच्या संक्रमणाचा पुरावा असतो.

जीर्णोद्धाराच्या पद्धती व त्यांचे परिणाम

जीर्णोद्धारातील पहिले काम पोचे काढण्याचे. नळीच्या आत पोलादी गोळे घालून किंवा बाहेरून रूळ फिरवून पत्रा पूर्ववत केला जातो. त्यानंतर सुटलेले सांधे झाळणे, अडकलेल्या सरकनळ्या मोकळ्या करणे व झिजलेल्या व्हॉल्व्हवर मुलामा चढवून ते पुन्हा घट्ट बसविणे ही कामे येतात. पितळातील जस्त निघून जाऊन तांबूस डाग पडले असतील, तर पत्रा आतून पोखरला गेल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी नळीचा तेवढा भाग बदलावा लागतो. वाद्य वाजते राहावे यासाठी ही कामे आवश्यक असून त्यांविषयी फारसा मतभेद होण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न चकाकीचा आहे. वाद्य नव्यासारखे दिसावे म्हणून जुना लेप काढून ते पॉलिशच्या चाकावर घासले जाते. या प्रक्रियेत धातूचा पृष्ठभाग झिजतो, कोरीव नक्षीच्या कडा बोथट होतात आणि शाळेचा वा पथकाचा क्रमांकही नाहीसा होतो. झिजलेला पत्रा पुन्हा भरून येत नाही. लखलखीत वाद्यास बाजारात गिऱ्हाईक लवकर मिळते. त्यामुळे वाद्य वाचविण्याच्या हेतूनेच त्याचा पुरावा नष्ट होतो.

यावर सूझाफोन काचेच्या कपाटात बंद करणे हा उपाय नव्हे. न वाजणाऱ्या वाद्याचे रूप कळते, स्वर कळत नाही. आणि या वाद्याचा जन्मच एका विशिष्ट स्वराच्या शोधातून झाला आहे. विवेकी मार्ग मधला आहे. कामापूर्वी छायाचित्रे व मोजमापे घ्यावीत. काढलेले मूळ भाग फेकून न देता वाद्यासोबत जपावेत. नव्या भागांची स्पष्ट नोंद ठेवावी. आणि वादनास आवश्यक नसलेली घासाई टाळावी.

समारोप

हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता मर्यादित नाही. भारतात मेरठ येथे पितळी वाद्यांचा मोठा व्यवसाय असून सूझाफोनही तेथे तयार होतात. महाराष्ट्रातील लग्नाच्या वरातींत वाजणाऱ्या बँडपथकांकडेही जुनी पितळी वाद्ये असतात आणि ती निकामी झाल्यावर मोडीत निघण्याचा धोका असतो. पेपर यांच्या वाद्याचे उदाहरण पाहता, मोडीत जाणाऱ्या वस्तूंमध्ये इतिहासाचा कोणता दुवा हरवतो हे आधी सांगता येत नाही. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात अशा वाद्यांची नोंद करणे महाविद्यालयीन स्तरावरही शक्य आहे. पोचा काढावा, सांधा झाळावा, पण वाद्याच्या अंगावर लिहिलेला इतिहास घासून टाकू नये, हाच जुन्या सूझाफोनच्या जीर्णोद्धारातून निघणारा निष्कर्ष होय.